३६१२ किलोमीटर, त्यातले पंधरा माझे

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगचा पुनर्विकास गेली अकरा वर्षं 'होणार, होणार' म्हणत होता. या जानेवारीत एकदाची घरं रिकामी करायची तारीख आली. बांधाबांध करताना माळ्यावरून एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात फियाटचा जॅक, दोन काळे पडलेले प्लग, सुतळीत गुंडाळलेला फॅनबेल्ट आणि कापडी पाठीची एक वही. गाडी विकून वीस-बावीस वर्षं झाली, पण तिचा फॅनबेल्ट आमच्या माळ्यावर सुखरूप होता. बाबा काही टाकत नाहीत.

वहीवर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: 'ठाणे – रामेश्वर – कन्याकुमारी – ठाणे. मे १९९४.' शेवटच्या पानावर लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेलं: 'एकूण ३६१२ कि.मी.'

हा आकडा आमच्या नातेवाइकांत सगळ्यांना पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत कोणी सहज म्हणालं, 'या वेळी आम्ही गाडीने केरळ केलं', की बाबा शांतपणे जिलबीचा तुकडा मोडून म्हणतात, 'तीन हजार सहाशे बारा.' आधी आकडा, मग गोष्ट. जन्मभर वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला काढलेला माणूस. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायची सवय, त्यामुळे 'साधारण साडेतीन हजार' हे त्यांच्या तोंडून यायचंच नाही.

आणि त्या आकड्यात एक थाप आहे. ती मी मारलेली आहे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

प्रवासाचं कारण आजी. १९८७ साली ती एका यात्रा मंडळाबरोबर काशीला जाऊन आली आणि तिथून गंगेचा गडू घेऊन आली. तांब्याचा, वरून झाळलेला. काशीची गंगा रामेश्वराला घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे तिने सात वर्षं दर एकादशीला ऐकवलं. शेवटी बाबा म्हणाले, 'जाऊ. गाडीने जाऊ.' आई म्हणाली, 'कुठल्या?' कारण आमची गाडी म्हणजे १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव प्रीमियर, पण तिला सगळे फियाटच म्हणायचे. मुलुंड चेकनाक्याच्या सिग्नललासुद्धा तिच्या मनात आलं तर ती बसून घ्यायची.

पहाटे चारला निघालो. कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले, चाकांखाली लिंबं ठेवली. कॅरिअरवर ताडपत्रीखाली वळकट्या आणि रॉकेलचा स्टोव्ह, डिकीत कुकर, तांदूळ-डाळ, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि बेसनाच्या लाडवांचा डबा. पुढची सीट सलग आणि गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे तिघं: बाबा, मधे दादा, खिडकीशी मी. मागे आई आणि आजी. आजीच्या मांडीवर गडू. तो तिने रामेश्वरपर्यंत खाली ठेवला नाही. चहा प्यायला उतरली तरी पदराखाली गडू.

कळव्याचा पूल ओलांडल्यावर बाबांनी पहिलं भाषण दिलं. राष्ट्रीय महामार्ग चार आपल्या ठाण्यापासून सुरू होतो आणि पुणे, बेळगाव, बंगलोर करत थेट मद्रासला जातो, १२३५ किलोमीटर. 'म्हणजे बंगलोरपर्यंत वळायचंच नाही. घरासमोरचाच रस्ता.' हे त्यांना इतकं सोपं वाटत होतं की आईचा चेहरा आणखी पडला.

पहिला दिवस कोल्हापूर. एक्स्प्रेस-वे नव्हताच. मुंब्रा, शीळफाटा, पनवेल, मग ट्रकांच्या मागे रांगत बोरघाट, पुण्यापुढे कात्रजचा जुना बोगदा, खंबाटकी. वहीत नोंद: 'ठाणे–कोल्हापूर ३८६. पेट्रोल ३० लि. पंक्चर १ (कराडच्या अलीकडे). चहा.' चहाचे पैसे लिहिलेले नाहीत, नुसतं 'चहा'. दुसऱ्या दिवशी निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी. इथपर्यंत वही बघायला सुंदर आहे. किलोमीटरच्या आकड्यांखाली आकडे, हातचे कोपऱ्यात.

दावणगेरे सोडल्यावर स्पीडचा काटा थरथरला आणि शून्यावर जाऊन पडला. केबल तुटली. गाडी चालते, पण किती चालते ते कळत नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, 'चालतेय ना, मग झालं.' बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून दोन मिनिटं गप्प बसले. आजीने मागून विचारलं, 'बंडू, पोटात दुखतंय का रे?'

चित्रदुर्गला एका मेकॅनिकने नवी केबल म्हणून जी घातली, ती तुमकूरच्या अलीकडे गेली. काटा पुन्हा शून्यावर. परत जाऊन भांडायचं तर शंभर किलोमीटर मागे जायला हवं, आणि ते शंभर मोजायला केबल नाही. बाबा म्हणाले, आता परत केबलला पैसे घालणार नाही. मग माझ्या हातात वही आणि पेन्सिल आली. 'चिमे, आजपासून दगड तुझे.'

रीत अशी ठरली. गाव सुटलं की पिवळ्या डोक्याच्या मैलाच्या दगडावर पुढच्या गावाचं अंतर येतं. सर्वांत पहिला, म्हणजे सर्वांत मोठा आकडा पकडायचा आणि लिहायचा. दर पाच किलोमीटरला मोठा दगड असतो, तो आधी दिसतो. नाव कधी त्यांच्या लिपीत, कधी इंग्रजीत, तर इंग्रजी येईपर्यंत मधले दगड मोजून आकड्यात मिळवायचे. आणि गावातल्या गावात फिरण्याचं काय? त्यासाठी मोठं शहर आलं की सरसकट पाच धरायचे, असं बाबांनी ठरवलं. शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाने हे पाच कुठून काढले, ते मी विचारलं नाही. तेव्हा हिंमत नव्हती.

माझं अक्षर त्या पानापासून सुरू होतं. 'होसूर', 'क्रिष्णागिरी', 'धर्मपुरी'. प्रत्येक आकड्यापुढे बाबांची बरोबरची खूण. मला त्या खुणेचं फार होतं. दादाला नकाशा दिला होता, त्याला खूण मिळायची नाही.

आता तो दिवस. बंगलोरहून पहाटे निघालो, मदुराई गाठायची होती. बंगलोरला महामार्ग चार सोडून आम्ही सात धरला होता, तोच पुढे कन्याकुमारीला जातो. होसूरला तामिळनाडू सुरू झालं, मे महिन्याचं ऊन अकरालाच डोक्यावर आलं. धर्मपुरी मागे पडलं, सेलमच्या आधी तोप्पूरचा घाट लागला. घाट म्हणजे आपल्या वरंध-आंबेनळीसारखा नाही, लांब उतार आणि वळणं. पण पुढे एक बिघडलेला ट्रक आडवा, रांग लागलेली, गाडी एक फूट सरकते आणि थांबते. इंजिनची धग पायांना लागत होती. दोन आचके दिले आणि फियाट बंद.

बाबांनी बॉनेट उघडलं, बघितलं आणि म्हणाले, 'पंप उचलत नाही.' या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनलाच बसवलेला. इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा वाफ ओढत बसतो, कार्बोरेटरला पेट्रोल पोचतच नाही. इलाज एकच, सगळ्या फियाटवाल्यांना माहीत असलेला: पंपावर ओलं फडकं. आईने जुन्या पंचाचा तुकडा दिला. पाणी ओतलं की चर्र आवाज यायचा आणि पाच मिनिटांत फडकं कडक वाळायचं. दोन वेळा गाडी सुरू झाली, रांग तेवढी पुढे सरकली, पुन्हा बंद. प्यायच्या पाण्याचा जग संपला. आईने बाटलीतलं शेवटचं पाणी मला एक घोट, दादाला एक घोट असं दिलं आणि उरलेलं फडक्यावर ओतलं.

मग दादा, वय वर्षं पंधरा, म्हणाला, 'आजी, पाणी आहे की आपल्याकडे.'

आजीला आधी कळलं नाही. कळल्यावर तिने गडू छातीशी धरला आणि गाडीतून उतरून चक्क पंधरा पावलं लांब जाऊन उभी राहिली. उन्हात. डोक्यावर पदर, पाठ आमच्याकडे. आई म्हणाली, 'अहो आई, तो चेष्टा करतोय, आत या.' आजी म्हणाली, 'तुझा नवरा काय म्हणतो ते आधी विचार.' बाबा काहीच म्हणत नव्हते. आज मला खात्री आहे की ते विचार करत होते.

सोडवलं एका ट्रकवाल्याने. मागच्या ट्रकमधून लुंगीतला माणूस उतरला, एक नजर बॉनेटमध्ये टाकली आणि परत जाऊन पाण्याचा कॅन घेऊन आला. त्याला मराठी-हिंदी येत नव्हतं, आम्हाला तमिळ नव्हतं. त्याने फडकं भिजवलं, पिळलं नाही, तसंच निथळतं पंपाभोवती नीट गुंडाळलं आणि बाबांचा चावीवरचा हात धरून बाजूला केला. थांब. मग ट्रकच्या सावलीत उकिडवा बसला आणि आम्हालाही बसवलं. पंधरा-वीस मिनिटं आम्ही सगळे तिथे नुसते बसलो. बाबांच्या आयुष्यात इतका वेळ काहीही न करता गेलेला मला तरी आठवत नाही. आजी परत आली, गडू आईकडे (हो, आईकडे, पहिल्यांदाच) देऊन डिकीतून डबा काढला आणि त्या माणसाला चार लाडू दिले. त्याने एक खाल्ला, तीन लुंगीच्या कनवटीला लावले. गाडी एका चावीत सुरू झाली. कॅनमध्ये उरलेलं पाणी त्याने आमच्या जगात ओतून दिलं.

वहीत या सगळ्याची नोंद: 'तोप्पूर – १ तास ४० मि.'

सेलमला जेवलो. केळीच्या पानावर भात, वर भात, त्यावर भात. नामक्कल, करूर झालं, दगड लिहिले, खुणा मिळाल्या. करूरनंतर रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं, खिडकीतून गरम वारा. मी काचेला डोकं टेकवलं. पेन्सिल हातात होती. जाग आली तेव्हा बाबा विचारत होते, 'दिंडीगल किती लिहिलंस?' समोर गावाच्या मागचा तो मोठा उघडा खडक दिसत होता. म्हणजे दिंडीगल आलंच होतं.

झोपले होते असं सांगायचं होतं. पण दादा जागा होता आणि दादाकडे नकाशा होता.

'ब्याण्णव,' मी म्हटलं.

ब्याण्णव का, ते आजही सांगता येत नाही. नव्वद म्हटलं असतं तर थाप वाटली असती, एवढी अक्कल होती. बाबांनी 'हं' केलं. रात्री मदुराईच्या लॉजमध्ये वही तपासली आणि ब्याण्णवपुढे खूण केली. मी पाहिलं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. त्या लॉजपर्यंत पोचायलाही उशीर झाला होता. मदुराई मीनाक्षीच्या देवळाभोवती वसलेली आहे, रस्ते देवळाला चौकोनात वेढे घालतात, आणि आम्ही लॉज शोधत त्याच गोपुराखालून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आजीने हात जोडून म्हटलं, 'प्रदक्षिणा झाल्या, आता झोपू दे.'

आता मी ऑडिटचं काम करते. लोक आकडे कसे बनवतात ते चांगलं ओळखते. नव्वद नाही लिहीत कोणी.

रामेश्वराबद्दल खूप लिहिता येईल, पण मला त्यातलं पाण्याचंच आठवतं. बेट जोडणारा पांबनचा रस्त्याचा पूल तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता, १९८८ मध्ये सुरू झालेला. खाली समुद्रातून रेल्वेचा जुना पूल दिसत होता. बाबांनी पुलावर गाडी इतकी हळू घेतली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. देवळाच्या आत बावीस तीर्थं, म्हणजे बावीस विहिरी. एकेक बादली अंगावर घेत, ओल्या फरशीवरून घसरत पुढच्या विहिरीकडे जायचं. आजी अडुसष्ट वर्षांची, आमच्या सगळ्यांच्या पुढे. शेवटी गडूची झाळ फोडली. सात वर्षं देव्हाऱ्यात आणि सतराशे किलोमीटरच्या आसपास मांडीवर बसलेलं ते पाणी पुजाऱ्याने आत नेलं, आणि किती वेळ लागला म्हणाल तर आजीने डोळे मिटले, उघडले, रिकामा गडू परत. तिने तो उलटा करून पाहिला. मग आईला म्हणाली, 'मांडी हलकी वाटते गं.' परतीच्या वाटेत तिने गडूत रामेश्वरची वाळू भरून घेतली. ती आता काशीला न्यायची. ती राहिली ती राहिलीच.

कन्याकुमारीच्या अलीकडे, आरल्वायमोळीच्या खिंडीत, आयुष्यात पहिल्यांदा पवनचक्क्या पाहिल्या, एवढ्या की दादाने मोजायचं सोडून दिलं. वाऱ्याने गाडी डुलत होती. कन्याकुमारीत विवेकानंदांच्या शिळेसमोर काढलेला आमचा पाच जणांचा फोटो आहे. शिळेवरचं स्मारक १९७० मध्ये झालं, ते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या एकनाथजी रानड्यांनी उभं केलं, हे बाबांनी तिथे भेटलेल्या एका गुजराती कुटुंबाला दोनदा सांगितलं. फोटोत शिळेच्या शेजारची जागा मोकळी दिसते. तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा तिथे १ जानेवारी २००० ला आला. भाची फोटो बघून म्हणाली, 'मावशी, पुतळा एडिट करून काढलाय का?'

परत येताना केरळातून किनाऱ्याकिनाऱ्याने, महामार्ग सतरा. एव्हाना सगळे सगळ्यांना कंटाळले होते. कालिकतनंतर आई आणि बाबा फक्त माझ्यामार्फत बोलत होते, कारण स्टोव्हची पिन मदुराईच्या लॉजमध्ये राहिली होती आणि ती कोणी ठेवली यावर एकमत नव्हतं. कारवारला मासे मिळाल्यावर समेट झाला. सावंतवाडीपासून पुढे रस्त्याकडेला ठिकठिकाणी तांबड्या मातीचे भराव दिसायचे, कोकण रेल्वेचं काम चाललेलं. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळचा पूल ओलांडला. तोच, जो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. बातमी पाहिली त्या सकाळी बाबांनी वही शोधली होती, सापडली नव्हती.

सोळाव्या दिवशी रात्री ठाण्यात. बाबांनी गाडीतून उतरायच्या आधी दिव्याखाली बेरीज केली.

तर, वही आता सापडली. परवा रात्री मी फोनवर सगळा प्रवास टाकून पाहिला, एकेक टप्पा. जमत नाही. म्हणजे अंतर येतं, पण ते या रस्त्याचं नाही. मुंब्र्याला बायपास, कात्रजला नवा बोगदा, खंबाटकीत येताना बोगदा, हुबळी-धारवाडला बायपास, तुमकूरला बायपास. आम्ही प्रत्येक गावाच्या पोटातून गेलो होतो, बाजारातून, बैलगाड्यांच्या मागून. नंबरसुद्धा बदलले, चारचा अठ्ठेचाळीस झाला, सातचा चव्वेचाळीस, सतराचा सहासष्ट. बाबांचा घरासमोरचा रस्ता आता ठाण्यातून सुरू होत नाही, दिल्लीहून येतो.

पण करूर ते दिंडीगल मात्र मी पाहिलंच. कुठून कुठे धरता त्यावर एक-दोन इकडेतिकडे. ७७.

बाबा सध्या कोलबाडला भाड्याच्या घरात आहेत. वय एकोणऐंशी, उजव्या कानात यंत्र. रविवारी वही घेऊन गेले आणि सांगून टाकलं. 'बाबा, दिंडीगलचं ब्याण्णव मी ठोकून दिलं होतं. झोपले होते.'

त्यांनी चष्मा मागितला. पान काढलं, ब्याण्णवपुढच्या आपल्याच खुणेवरून बोट फिरवलं. 'आता किती दाखवतात?'

'सत्त्याहत्तर.'

पेन्सिल मागितली. ब्याण्णववर आडवी रेघ, वर ७७. शेवटच्या पानावर गेले, लाल आकड्याखाली वजाबाकी केली: ३५९७. बराच वेळ बघत राहिले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'अहो, चहा निवतोय.'

'तीन हजार सहाशेच्या खाली गेलं,' ते म्हणाले.

मी म्हटलं, 'काय फरक पडतो, बाबा.' चुकलं माझं, हे त्यांच्याशी बोलायचं वाक्य नाही.

मग ते पानं मागे उलटत गेले. मदुराईपाशी थांबले. 'इथे शहराचे पाचच धरलेत. लॉज शोधत देवळाला किती फेऱ्या झाल्या?'

'तीन. आजी म्हणाली होती.'

'मग पाच कसे होतील? वीस तरी होतील.' ५ खोडून २० केले, शेवटचं पान काढलं, ३५९७ मध्ये १५ मिळवले, आणि खाली नव्याने लिहिलं: ३६१२. पुढे बरोबरची खूण केली, वही माझ्याकडे दिली आणि चहाचा कप उचलला.

'चित्रदुर्गच्याने केबल जुनी घातली होती,' ते म्हणाले. 'ते पण लिही कुठेतरी.'